सह्याद्रीच्या दोन उतारांवरचे मासे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या नद्या आखूड आहेत आणि त्या एकमेकींना फारशा भेटत नाहीत. उत्तर सीमेवरची सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. जगबुडीला पोटात घेऊन वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, काजळी रत्नागिरी शहराच्या कुशीतून भाट्याला, मुचकुंदी पूर्णगडला आणि राजापूरकडची अर्जुना जैतापूरच्या खाडीत जाते. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामधली पट्टी जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर रुंदीची. दोन नद्यांच्या मधे जांभ्याचे सडे पसरलेले, पावसाळा सोडला तर कोरडे ठणठणीत. गोड्या पाण्यातल्या माशाला काजळीतून शास्त्रीत जायचे तर वाट एकच, खाडी उतरून समुद्रातून. आणि खारे पाणी सोसत नसलेल्या माशाला ती वाट कायमची बंद. अशा रचनेत प्रत्येक नदीतले मासे आपापल्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहतात. त्यांच्यात हळूहळू पडत गेलेले अंतर किती जुने आहे, याचा शोध हा या भूभागाच्या इतिहासाचाच शोध आहे. शिलालेख आणि दप्तरे ज्या काळाबद्दल काही सांगू शकत नाहीत, त्या काळाचा हा इतिहास.

कोकणातल्या माणसाला हे मासे सर्वांत जवळून दिसतात ते चढणीच्या दिवसांत. मिरगाचा पाऊस जोर धरतो, पऱ्ये आणि वहाळ गढूळ होऊन वाहू लागतात आणि नदीतल्या कोंडींत उन्हाळाभर दबून राहिलेले मासे प्रवाहाच्या उलट निघतात. नदीतून वहाळात, वहाळातून पऱ्यात आणि पऱ्यातून भाताच्या मळीत. शिंगटीसारखे मिशाळ आणि खवल्यांचे लहान मासे बांधाच्या तोंडाशी उड्या मारताना दिसतात. रात्री बत्त्या घेऊन, हातात पाग किंवा नुसती टोपली घेऊन वाड्यावाड्यांतली माणसे पाण्यात उतरतात. पोटात गाभोळी भरलेला मासा चवीला चांगला, म्हणून त्याला मान मोठा. अंडी घालायला निघालेला मासाच नेमका पकडला जातो, ही या रिवाजाची दुसरी बाजू. वर पोचलेले मासे उथळ, शांत पाण्यात अंडी घालतात आणि पाऊस ओसरताना पिले खाली नदीत उतरतात. चार महिन्यांचा हा खेळ दरवर्षी त्याच त्या खोऱ्यात होतो, खोऱ्याची हद्द ओलांडून जात नाही.

थंड प्रदेशांतल्या सॅमन आणि ट्राउट माशांवर झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो, कारण माशांच्या जनुकीय इतिहासाचे शास्त्र बरेचसे त्यांच्यावरच घडले. (रत्नागिरीच्या बाजारातल्या रावसाला इंग्रजी अमदानीपासून ‘इंडियन सामन’ म्हणत आले असले, तरी त्याचा या कुळाशी काही संबंध नाही.) सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला वासाच्या आठवणीवर जन्माच्या नदीत परत येतो. थोडे मासे चुकून दुसऱ्या नदीत शिरतात, बाकीचे आपलीच वाट धरतात. त्यामुळे शेजारशेजारच्या नद्यांतले सॅमन समुद्रात एकत्र फिरत असूनही त्यांची वेगवेगळी घराणी तयार होतात. सॅमनला समुद्र हा रस्ता आहे आणि त्याची घराणी वेगळी राहतात ती सवयीमुळे. कोकणातल्या गोड्या पाण्याच्या माशाला समुद्र ही भिंत आहे. वेगळे राहण्यासाठी त्याला कसली सवय लागत नाही. याच नद्यांत अहीर नावाचा सर्पाकार मासा राहतो, त्याचे चक्र सॅमनच्या अगदी उलट आहे: तो समुद्रात जन्मतो, नदीत वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा खोल समुद्रात जातो. त्याला नद्यांची खोरी अडवू शकत नाहीत. एकाच कोंडीतल्या अहीर आणि शिंगटीचा जनुकीय इतिहास म्हणूनच दोन वेगळ्या नकाशांवर मांडावा लागतो.

सॅमन आणि कोकणातले मासे यांत आणखी एक फरक आहे आणि तो काळाचा आहे. नॉर्वे किंवा स्कॉटलंडमधल्या ज्या नद्यांत आज सॅमन चढतो, त्या शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली होत्या. तिथली नदीनिहाय घराणी बर्फ हटल्यानंतरची, म्हणजे फार तर दहा-पंधरा हजार वर्षांची. सह्याद्रीवर तसा बर्फ कधी आला नाही. पाऊस कमी-जास्त झाला, ओढे आटले-वाढले, पण माशांना पाणी मिळत राहिले. त्यामुळे दोन पऱ्यांतल्या बोटभर माशांमधले अंतर नॉर्वेतल्या दोन नद्यांच्या सॅमनमधल्या अंतरापेक्षा कितीतरी जुने असू शकते, भले ते दोन मासे डोळ्याला अगदी सारखे दिसोत.

हे अंतर मोजायचे साधन म्हणजे उत्परिवर्तन. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि त्या नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते. जनुकसंचाची कोट्यवधी अक्षरे लक्षात घेता ही चूक फार विरळ असते. माणसात ती दर पिढीला साधारण दहा कोटी अक्षरांमागे एक इतकी आहे. तारली-पेडव्यांच्या गोतावळ्यातल्या अटलांटिक हेरिंग माशात 2017 मध्ये आई-बाप आणि पिले यांचे जनुकसंच शेजारी ठेवून हा दर मोजला गेला, तेव्हा तो पन्नास कोटी अक्षरांमागे एक इतका कमी निघाला. पेशीतल्या तंतुकणिकांचा डीएनए वेगळा असतो. तो फक्त आईकडून येतो, माशांत त्याची लांबी सुमारे साडेसोळा हजार अक्षरांची असते आणि त्यात बदल बरेच लवकर साचतात. जाती ओळखण्यासाठी त्यातल्या सुमारे 650 अक्षरांच्या एका तुकड्याचा वापर 2003 नंतर जगभर रूढ झाला.

समजा, घाटमाथ्यावरच्या एका ओढ्यातला आणि कोकणातल्या एका पऱ्यातला असे दोन मासे घेतले आणि या 650 अक्षरांत 13 ठिकाणी फरक सापडला. म्हणजे अंतर 2 टक्के. आता हे दोन टक्के म्हणजे किती वर्षे, हे सांगायला घड्याळ लावावे लागते आणि ते लावण्यासाठी ज्याची तारीख भूगर्भशास्त्राने स्वतंत्रपणे ठरवली आहे अशी घटना लागते. पनामाची संयोगभूमी वर आल्याने सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर तुटले. दोन्ही बाजूंच्या भाऊबंद माशांची तुलना करून दहा लाख वर्षांना सुमारे 1.2 टक्के असा दर निघाला. तो धरला तर आपल्या दोन माशांची ताटातूट सतरा लाख वर्षांपूर्वीची ठरते. जुन्या पाठ्यपुस्तकांतला दोन टक्क्यांचा दर धरला तर दहा लाख वर्षांपूर्वीची. नमुना तोच, फरक तेच, आणि उत्तरात सात लाख वर्षांची तफावत. माशांच्या उत्क्रांतीवरचा कोणताही निबंध वाचताना आधी त्यात कोणता दर वापरला आहे ते पाहावे, तारीख नंतर.

घड्याळाच्या आणखीही खोडी आहेत. वर्षभरात वयात येणारा लहान मासा आणि अनेक वर्षे वाढणारा महसीर यांच्या पिढ्या सारख्या वेगाने उलटत नाहीत. आई-बाप आणि पिले यांच्यावर थेट मोजलेला दर लाखो वर्षांच्या हिशेबातल्या दरापेक्षा बहुधा जास्त भरतो, कारण झालेल्या चुकांपैकी बऱ्याच चुका निवडीत गळून पडतात. शिवाय जनुकांच्या फांद्या फुटतात त्या माशांचे कळप वेगळे होण्याच्या आधीच. म्हणून जनुकीय तारीख नदी वेगळी झाल्याच्या तारखेच्या मागेच पडते.

सॅमनच्या कुळात याहून मोठी गुंतागुंत आहे. सुमारे आठ ते दहा कोटी वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजाचा सबंध जनुकसंच दुप्पट झाला. रेनबो ट्राउटचा जनुकसंच 2014 मध्ये आणि अटलांटिक सॅमनचा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या दुप्पट झालेल्या प्रतींची पुढे कशी मोडतोड आणि जुळवाजुळव झाली हे तपशिलात दिसले. सख्खे भाऊबंद असूनही युरोपातल्या अटलांटिक सॅमनची गुणसूत्रे 58 आणि ब्राउन ट्राउटची 80. रेनबो ट्राउटला तर 1989 मध्ये साल्मो या वंशातून काढून पॅसिफिक सॅमनच्या ऑन्कोऱ्हिंकस वंशात घालावे लागले. आपल्याकडचे महसीरही असेच दुप्पट जनुकसंचाच्या घराण्यातले आहेत. त्यांची गुणसूत्रे 100, तर त्यांच्या नात्यातल्या बहुतेक लहान माशांची 50. अशा माशात एकाच जनुकाच्या दोन जुन्या प्रती नांदत असतात. त्यांतली ही कुठली आणि ती कुठली याची गल्लत झाली, तर ताटातुटीचा काळ काही कोटी वर्षांनी चुकू शकतो.

आता जमिनीकडे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यानंतर पश्चिमेचा भूभाग तुटून सेशेल्सबरोबर दूर गेला आणि तुटलेल्या कडेची झीज होत ती पूर्वेकडे सरकत राहिली. आजचा कडा म्हणजे त्या माघारीचा सध्याचा मुक्काम. कोकणात उतरणारे ओढे तीव्र उताराचे, धो धो पावसाचे. ते मागे मागे खोदत माथ्याला भिडतात आणि अधूनमधून पूर्वेला वाहणाऱ्या एखाद्या ओढ्याचा वरचा तुकडा आपल्याकडे ओढून घेतात. त्या तुकड्याबरोबर त्यातले मासेही पश्चिमेला येतात. कृष्णेच्या खोऱ्यातला मासा एका रात्रीत नव्हे, पण एका भूशास्त्रीय क्षणात कोकणातला होतो आणि तिथून त्याची वेगळी मोजणी सुरू होते. किनाऱ्याकडच्या बाजूलाही काही घडत होते. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. आज ज्या खाड्या आहेत तिथून नद्या पुढे उघड्या पडलेल्या मैदानावर बऱ्याच लांब वाहत असणार आणि आज अलग असलेल्या दोन नद्यांची तोंडे तिथे एकत्र येण्याला वाव होता. कोकणातल्या दोन शेजारी नद्यांचे मासे एकमेकांना जवळचे निघाले तर या जुन्या मैदानाकडे पाहावे लागते. ते घाटावरच्या माशांना अधिक जवळचे निघाले तर कड्याच्या माघारीकडे.

या माशांची नोंद कागदावर आली ती घाटावरून. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने 1824 मध्ये दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमले. त्याने पुण्याच्या आसपासच्या नद्यांतले मासे गोळा केले, त्यांची चित्रे काढवली आणि 1839 मध्ये त्यांची वर्णने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध झाली. मुळा-मुठेतल्या महसीराला त्याने दिलेले ‘खुद्री’ हे जातिनाम आजही चालते. फ्रान्सिस डे याचा भारतीय माशांवरचा ग्रंथ 1875 ते 1878 या काळात निघाला. नेल्सन अॅनंडेल याने 1919 च्या सुमारास खंडाळ्याचे आणि साताऱ्याकडचे ओढे तपासले. सुंदरलाल होरा यांना सह्याद्रीतले आणि ईशान्य भारतातले वेगवान ओढ्यांचे मासे सारखे दिसले, म्हणून 1940च्या दशकात त्यांनी मासे सातपुड्याच्या रांगेवरून दक्षिणेत आले असावेत अशी उपपत्ती मांडली. पुढे जनुकीय तुलनांनी त्या मार्गावर आणि त्याच्या काळावर बऱ्याच शंका घेतल्या. या सगळ्या कामात पुणे, खंडाळा, महाबळेश्वरचा परिसर येतो, कारण छावण्या आणि हवा खाण्याची ठिकाणे तिथे होती. पावसाळ्यातले कोकण, म्हणजे नेमका मासे चढण्याचा काळ, साहेबांना गैरसोयीचा. घाटावर दिलेली नावे तशीच खाली उतरली आणि कोकणातला तसाच दिसणारा मासा त्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

या सवयीची किंमत एका लहान माशात स्पष्ट दिसते. डे याने 1872 मध्ये पुण्याहून आलेल्या, दगडाला धरून राहणाऱ्या बोटभर माशाला एव्हेझार्ड या अधिकाऱ्याचे नाव दिले. इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी हा मासा पुढे सह्याद्रीभर आणि सातपुड्यापर्यंत सापडत गेला. बस्तरमधल्या कोटमसर गुहेच्या अंधारातला मासाही याच नावाखाली नोंदला गेला. दीड शतकभर एवढ्या मोठ्या मुलखात एकच जात आहे असे मानले जात होते. पुण्यातल्या संशोधकांनी ओढ्याओढ्यातून नमुने घेऊन डीएनए वाचायला सुरुवात केली, तेव्हा या एका नावाखाली अनेक वंशशाखा दडलेल्या निघाल्या. 2021 मध्ये प्रदीप कुमकर आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या दोन वेगळ्या काढून नव्या जाती म्हणून मांडल्या: एक गोदावरीच्या खोऱ्यातल्या मुळा नदीच्या वरच्या अंगातली, दुसरी कृष्णेच्या खोऱ्यातल्या हिरण्यकेशीची. मत्स्यतज्ज्ञ नीलेश डहाणूकर आणि राजीव राघवन यांची नावे त्यांना दिली गेली.

हिरण्यकेशी उगम पावते आंबोलीला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यात. तरी तिचे पाणी घटप्रभेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जाते. माथ्यावरची पाणलोटाची रेषा जिल्ह्याच्या नकाशाशी जुळत नाही, हे मासे नीट ओळखतात. उगमावरच्या शिवमंदिराच्या कुंडातून 2020 मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही जात वर्णिली गेली. दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारने मंदिराभोवतालची सुमारे दोन हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. देवाच्या पाण्यातला मासा मारू नये हा नेम सह्याद्रीत जुना आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत महसीर मासे वरदायिनी देवीचे म्हणून राखले जातात, लोक त्यांना चुरमुरे टाकतात आणि धरत नाहीत. अशा कोंडी संशोधकाला मोलाच्या आहेत, कारण तिथे बाहेरून बीज सोडण्याचे कारण कुणाला पडले नाही.

बाकी ठिकाणी मात्र ते पडले. कोयना, मुळशी, वळवण अशी धरणे झाल्यावर महसीराच्या चढणीच्या वाटा तुटल्या. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपन्यांनी वळवण तलावापाशी प्रजनन केंद्र उभारले आणि एस. एन. ओगले आणि राज्याच्या मत्स्यविभागात काम केलेले सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1970च्या दशकात महसीराची अंडी कृत्रिम रीतीने फलित करून बोटुकली वाढवण्याचे तंत्र बसवले. काम हेतूने आणि तंत्राने उत्तम होते. तिथली बोटुकली देशभर गेली, कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत मूळचा एक वेगळा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा; 1946 मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला असा एक मासा 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा होता. गळ टाकणाऱ्यांच्या नोंदवह्यांतून 2015 मध्ये दिसून आले की कुबडाचा महसीर झपाट्याने कमी झाला आणि दख्खनच्या निळ्या परांच्या महसीराने त्याची जागा घेतली. 2018 मध्ये आकार आणि डीएनए दोन्ही तपासून कुबडाचा महसीर म्हणजे टॉर रेमादेवी, असे ठरले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. मासा शास्त्रीय नावाने ओळखता आला तो जवळजवळ संपल्यावर. युरोपात सोचा नदीतल्या संगमरवरी ट्राउटचे असेच झाले. बाहेरून आणून सोडलेल्या ब्राउन ट्राउटशी त्याचा संकर झाला आणि शुद्ध घराणी वरच्या काही ओढ्यांत तेवढी उरली. अमेरिकेत रेनबो ट्राउटने कटथ्रोट ट्राउटच्या बाबतीत तेच केले.

रत्नागिरी जिल्ह्यात खोऱ्यांची सरमिसळ वेगळ्या मार्गाने झाली. कोयना महाबळेश्वरला उगम पावून कड्याला समांतर दक्षिणेला वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. त्या वळणापासून कुंभार्ली घाट उतरला की वाशिष्ठीचे खोरे. हा शेजार वीजनिर्मितीला सोयीचा होता. धरणातले पाणी बोगद्यातून कड्याच्या पोटात नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडायला 1962 मध्ये सुरुवात झाली. तिथून ते कोळकेवाडी धरणात आणि पुढे वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेसाठी पश्चिमेला वळवायला मान्य केलेले पाणी वर्षाला 67.5 टीएमसी, म्हणजे जवळजवळ 191 कोटी घनमीटर. पूर्वी उन्हाळ्यात कोंडींपुरती उरणारी वाशिष्ठी चिपळूणला बारमाही वाहू लागली. कड्याने लाखो वर्षांत सांभाळलेली फाळणी पाण्यापुरती तरी संपली. पोफळीला पाणी चारशे मीटरहून अधिक उंचीवरून पेल्टन चक्रांवर झोताने आदळते. त्यातून वाढलेला मासा जिवंत उतरणे जवळजवळ अशक्य, अंडी आणि पिले यांची गोष्ट निराळी. त्यात राज्यातल्या तलावांत गंगेच्या खोऱ्यातले रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्याची रीत जुनी झाली आहे. तिलापियाला तर कुणी सोडायचीही गरज उरलेली नाही.

वाशिष्ठीतले मूळचे मासे आणि कोयनेच्या पाण्याबरोबर आलेले मासे वेगळे काढायचे तर 1962 पूर्वीचे नमुने लागतात. संग्रहालयांतले जुने मासे बहुधा फॉर्मलिनमध्ये ठेवलेले असतात आणि फॉर्मलिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात. त्यामुळे ज्यांच्या माथ्यावर कोयनेसारखा बोगदा नाही अशा शास्त्री, काजळी आणि मुचकुंदी यांच्या वरच्या पऱ्यांतले मासे मापदंड म्हणून वापरावे लागतात. त्यांच्या आणि वाशिष्ठीच्या माशांच्या डीएनएत लाखो वर्षांत साचलेला फरक दिसला तर तो जुन्या नद्यांचा वारसा. वाशिष्ठीच्या माशात कृष्णेच्या खोऱ्यातल्या माशांची अक्षरे जशीच्या तशी सापडली, एकही नवी चूक न साचलेली, तर तो मासा किंवा त्याचा नजीकचा पूर्वज बोगद्यातून किंवा बोटुकलीच्या पिशवीतून आलेला. साठ वर्षे हा काळ या घड्याळाच्या हिशेबात धरण्याइतकाही नाही.